खालची ओळ कापू नका : जॉर्जकालीन इंग्रजी व्यंगचित्रं फ्रेमला देण्याआधी

चित्र बहुतेक वेळा गुंडाळी करून येतं. कुणाची लेक लंडनला असते, तिनं तिथल्या जुन्या बाजारातून आणलेलं असतं. कुणाला आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं असतं. गुंडाळी उलगडली की आत एक लठ्ठ साहेब, फुगलेले गाल, गुलाबी-पिवळे रंग आणि खाली वळणदार इंग्रजी अक्षरं. "जुनं आहे, राजघराण्यातलं दिसतंय, जरा भारी सोनेरी फ्रेम घाला," असं सांगितलं जातं. आम्ही भिंग पुढे करतो आणि विचारतो, साहेबांच्या हातात काय आहे ते पाहिलंत का? हातात जेवणाचा काटा असतो आणि साहेब त्यानं दात कोरत असतात.

राजघराण्यातले आहेत हे खरंच. पण हे चित्र त्यांची शोभा वाढवायला नव्हे, शोभा करायला काढलेलं आहे. अशी चित्रं घेऊन येणाऱ्यांना तेच तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून द्यावं, म्हणून हे पत्रक.

हे नेमकं काय आहे?

इंग्लंडच्या गादीवर १७१४ ते १८३० या काळात एकामागून एक चार जॉर्ज बसले. त्यांच्या काळात लंडनमध्ये सुट्ट्या कागदावर छापलेल्या व्यंगचित्रांचा धंदा उभा राहिला. १७७० नंतरची पन्नासेक वर्षं हा त्याचा भराचा काळ. आज व्यंगचित्र म्हटलं की वर्तमानपत्राचा कोपरा आठवतो, पण तेव्हा वर्तमानपत्रात चित्रं जवळजवळ नसतच. व्यंगचित्र हा दुकानात जाऊन विकत घ्यायचा स्वतंत्र माल होता. साधी काळी प्रत साधारण एक शिलिंगला, रंगवलेली दोनला. मजुराचा अख्खा दिवसाचा रोज रंगीत प्रतीत संपला असता. म्हणजे ही चित्रं विकत घेणारे लोक पैसेवाले, आणि चित्रात ज्यांची टर उडवलेली असे तेही त्याच पेठेतले. बाकीचं लंडन दुकानाच्या काचेबाहेर उभं राहून फुकट हसायचं.

सॅम्युअल फोर्स नावाच्या पिकॅडिलीतल्या दुकानदाराने तर दुकानातली चित्रं पाहायला एक शिलिंग तिकीट लावलं होतं. शिवाय तो व्यंगचित्रांचे बाड एका संध्याकाळपुरते भाड्याने द्यायचा. घरी पाहुणे जमले की बाड मांडीवर घेऊन पानं उलटायची आणि कुठल्या सरदाराचं नाक कसं काढलंय यावर गप्पा मारायच्या.

सगळ्यात नावाजलेला चित्रकार जेम्स गिलरे (१७५६ ते १८१५). तो हॅना हम्फ्री या बाईंच्या दुकानाच्या वरच राहायचा. बाई अविवाहित, पण धंद्यात सगळे त्यांना मिसेस हम्फ्री म्हणत. खाली दुकान, वर चित्रकार, त्यामुळे सकाळी दरबारात काही घडलं की त्याचं चित्र काचेत लागायला फार दिवस जात नसत. हे दुकान पाहायचंच असेल तर गिलरेचंच १८०८ चं ‘व्हेरी स्लिपी वेदर’ पाहा. एक म्हातारा निसरड्या फुटपाथवर उताणा पडलाय. मागच्या खिडकीला चिकटलेल्या लोकांना त्याचं सोयरसुतक नाही, ते खिडकीतली चित्रं बघण्यात गुंग. भिंग लावलंत तर त्या खिडकीत गिलरेचीच इतर चित्रं ओळखू येतात. दुकानाची याहून चांगली जाहिरात आम्हाला तरी सुचली नसती.

एक चित्र जवळून

वर सांगितलेले दात कोरणारे साहेब म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स, पुढे चौथा जॉर्ज झाला तो. चित्र गिलरेचं, तारीख २ जुलै १७९२. इंग्रजी नाव ‘अ व्होलप्चुअरी अंडर द हॉरर्स ऑफ डायजेशन’, म्हणजे खाल्लेलं पचवताना बेजार झालेला विलासी पुरुष. राजपुत्र खुर्चीत पसरलाय. जाकिटाचं एकच बटण लागलंय आणि तेही आता तुटेल का मग अशा बेतात. ताटात हाडं, टेबलाखाली रिकाम्या बाटल्या. उजवीकडे मागे नजर टाका. तिथे रात्रीचं भांडं आहे, काठोकाठ भरलेलं, आणि त्याच्याखाली वजन म्हणून दाबून ठेवलेले कागद म्हणजे खाटकाची, पावावाल्याची, डॉक्टरची न भागवलेली बिलं. बाजूला औषधाच्या बाटल्या आहेत. त्यावरची नावं वाचली की राजपुत्राला कोणकोणते आजार आहेत हे तेव्हाच्या गिऱ्हाइकाला न सांगता कळायचं. जमिनीवर फासे आणि जुगारातल्या देण्याची वही. खिडकीतून दिसतो तो कार्लटन हाउस, त्याचा अजून पुरा न झालेला महाल.

हा सगळा हवेतला मसाला नव्हता. १७८७ मध्ये पार्लमेंटने राजपुत्राच्या कर्जापोटी १,६१,००० पौंड आणि या महालासाठी वेगळे ६०,००० पौंड दिले होते. आठ वर्षांनी कर्ज पुन्हा सहा लाखांवर गेलं.

१७९२ च्या त्याच जुलै महिन्याच्या २८ तारखेला जोडीचं चित्र आलं. त्यात बाप, म्हणजे तिसरा जॉर्ज, उकडलेलं अंडं खातोय आणि राणी शार्लट तोंडात सॅलड कोंबतेय. राजाच्या विजारीला ठिगळ, शेकोटी थंड, पिण्याच्या सुरईत नुसतं पाणी. मुलगा उधळ्या, तर बाप इतका चिक्कू की राजवाड्यात शेकोटीला लाकूड नाही. ही दोन चित्रं शेजारी लावायची असतात. एकच हाताशी असेल तर निम्मा विनोद गेला असं समजा.

आणि गंमत म्हणजे राजपुत्र स्वतः असल्या चित्रांचं मोठं गिऱ्हाईक होता. राजघराण्याच्या संग्रहातली हजारो चित्रं १९२१ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने विकत घेतली, ती आज तिथे आहेत. मात्र गादीवर आल्यावर त्याला हसू आवरतं घ्यावंसं वाटलं. १८२० मध्ये जॉर्ज क्रुकशँक या तरुण चित्रकाराला १०० पौंड देऊन, महाराजांना कुठल्याही अनैतिक प्रसंगात दाखवणार नाही, असं लिहून घेतलं गेलं.

बायका, टोप आणि पत्ते

खानदानी थाटमाटावरची चित्रं सगळ्यात जास्त विकली जात आणि आमच्याकडेही तीच जास्त येतात. १७७० च्या सुमारास इटलीची सहल करून आलेली श्रीमंत पोरं डोक्यावर केसांचा उंच टोप आणि त्याच्या टोकावर बशीएवढी टोपी घालून फिरू लागली. लोक त्यांना ‘मॅकरोनी’ म्हणत. स्ट्रँड रस्त्यावरच्या मॅथ्यू आणि मेरी डार्ली या नवरा-बायकोने मॅकरोनींच्या चित्रांच्या मालिकाच काढल्या, इतक्या की त्यांच्या दुकानाला मॅकरोनी दुकान हेच नाव पडलं. बायकांच्या केशरचनेवरचं त्यांचं एक चित्र तर केवळ अफलातून आहे. न्हावी शिडीवर चढून बाईचे केस रचतोय आणि एक म्हातारा गृहस्थ खालून, दर्यावर्दी लोक ताऱ्याची उंची मोजतात त्या यंत्राने, केसांची उंची मोजतोय.

पत्त्यांचं प्रकरण वेगळं. लेडी बकिंगहॅमशायर, लेडी आर्चर अशा थोर घरच्या बायका आपापल्या हवेलीत फॅरो नावाच्या जुगाराचे अड्डे चालवत. सरन्यायाधीश लॉर्ड केन्यन यांनी १७९६ मध्ये भर कोर्टात बजावलं की देशातल्या पहिल्या प्रतीच्या बायका असल्या तरी गुन्हा शाबीत झाला तर खोड्यात, म्हणजे मान-हात अडकवायच्या लाकडी चौकटीत, उभ्या राहतील. गिलरेने लगेच, त्याच मे महिन्यात, या दोघींना खोड्यात उभं केलं आणि वर चिखलफेकीची सोय केली. प्रत्यक्षात पुढच्या वर्षी लेडी बकिंगहॅमशायर आणि इतर दोघींना प्रत्येकी ५० पौंड दंडावर सोडण्यात आलं. खोडा लागला तो कागदावरच.

आपल्याकडचा धागा

"यात हिंदुस्थान कुठे दिसतो का?" असं हमखास विचारतात. दिसतो. ५ डिसेंबर १७८३ चं जेम्स सेयर्सचं ‘कार्लो खान’ प्रसिद्ध आहे. ईस्ट इंडिया कंपनीवर सरकारचा ताबा आणणारं विधेयक मंत्री चार्ल्स फॉक्सने मांडलं होतं. सेयर्सने त्याला मोगली थाटात हत्तीवर बसवून कंपनीच्या दारात आणलं. हत्तीला तोंड दिलं फॉक्सचा जोडीदार लॉर्ड नॉर्थ याचं. विधेयक त्याच महिन्यात पडलं आणि सरकारही गेलं.

दुसरं आपल्या जास्त जवळचं. मे १७९१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिसला टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणहून अर्ध्यावर माघार घ्यावी लागली. फौज उपाशी, बैल मेलेले, आणि अशात हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांचं मराठी सैन्य येऊन मिळालं, तेव्हा कुठे इंग्रजांच्या पोटात अन्न गेलं. लंडनला बातमी पोचेपर्यंत महिने गेले. डिसेंबरात गिलरेचं चित्र आलं, नाव पावसाळ्याच्या आगमनाचं. टिपू तटावर उभा राहून पळणाऱ्या इंग्रजांवर जो पाऊस पाडतोय तो आकाशातला नव्हे. हे चित्र दिवाणखान्यात लावायचं की नाही, ते घरच्यांना विचारून ठरवा.

अशी बरीच चित्रं चावट आहेत, काहींत परकीयांची आणि गरिबांची ओंगळ टिंगल आहे. टांगण्याआधी पूर्ण वाचा, एवढंच.

आता खालची ओळ

चित्राखाली अगदी कडेला बारीक अक्षरांत एक ओळ असते. त्यात प्रसिद्धीची तारीख, प्रकाशकाचं नाव आणि दुकानाचा पत्ता. ही ओळ आली कायद्यामुळे. विल्यम होगार्थ या चित्रकाराची चित्रं लोक बिनदिक्कत चोरून छापत, तेव्हा त्याने व त्याच्या सोबत्यांनी पार्लमेंटकडे धाव घेतली. १७३५ पासून छापचित्राला १४ वर्षं संरक्षण मिळू लागलं, पण छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर तारीख आणि मालकाचं नाव कोरलेलं असलं तरच. होगार्थने आपली नवी मालिका कायदा लागू होईपर्यंत दाबून ठेवली होती.

त्यामुळे ही ओळ म्हणजे चित्राचा जन्मदाखला. पत्ताही बोलतो. हम्फ्रीबाईंचं दुकान १७९२ मध्ये ओल्ड बाँड स्ट्रीटवर १८ नंबरला होतं. १७९७ पासून २७, सेंट जेम्स स्ट्रीट.

गेल्या वर्षी एक ताई गिलरेचं चित्र घेऊन आल्या. आधी दुसरीकडे फ्रेम करून घेतलं होतं. तिथल्या कारागिराने फ्रेमच्या मापात बसेना म्हणून खालची बोटभर पट्टी सरळ कापून टाकली. तारीख गेली, दुकान गेलं, चित्राचं अर्धं नावही गेलं. त्याला आमच्याकडे इलाज नाही. आम्ही फ्रेम मापाला मोठी करतो, चित्र लहान करत नाही.

अस्सल की नंतरची प्रत?

ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावरून छापत. पत्र्यावर मेणाचा लेप, त्यावर सुईने चित्र (अक्षरांसकट उलटं), मग आम्लात बुडवून रेघा खोल करायच्या. शाई भरायची, पुसायची, ओलसर कागद ठेवून रुळाच्या यंत्रातून दाबायचं. या दाबाने कागदावर पत्र्याच्या कडेचा चौकोनी ठसा उठतो. बोट फिरवलं की हाताला लागतो. कडा कापलेल्या नसतील आणि तरी ठसा नसेल तर शंका घ्या. रंग हाताने दिलेले असत, म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींत कोटाचा रंग वेगळा सापडू शकतो. त्यात नकलीपणा नाही. भिंगातून रंगाचे बारीक ठिपके मात्र दिसले तर ते आजकालचं छापील पोस्टर.

मधला एक प्रकार फसवा आहे. गिलरेचे जुने पत्रे हेन्री बोन या प्रकाशकाकडे गेले आणि १८५० च्या आसपास त्याने ते पुन्हा छापले. पत्रा तोच, रेघा त्याच, पण कागद जाड आणि चित्रं पाठपोट, दोन्ही बाजूंनी छापलेली. उलटून पाहा. मागेही चित्र असेल तर ती बहुधा ही आवृत्ती. वाईट नाही, फक्त १७९२ ची म्हणून पैसे मोजू नका. किंमत आम्ही सांगत नाही, ते आमचं काम नव्हे.

फ्रेम करताना आणि घरी नेल्यावर

कागद थेट काचेला टेकू देत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि काढताना रंगाचा पापुद्रा निघतो. म्हणून मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची चौकट, आणि तो ठशाच्या चौकोनाबाहेर कापलेला, खालची ओळ पूर्ण दिसेल असा. चित्र चिकटवतो ते फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या खळीने. खळ पाण्याने सुटते, पुढेमागे कुणाला काढायचं झालं तर काढता येतं. सेलोटेप, पांढरा गोंद, लॅमिनेशन हे इथे मिळणार नाही, आग्रह करू नये.

मागे साधा प्लाय लावत नाही, त्यातून कागद तपकिरी होतो. तपकिरी ठिपके आधीच असतील तर ते घालवण्यासाठी घरी ब्लीच, लिंबू, पावाचा तुकडा वगैरे प्रयोग करू नका. हे रंग पाण्याचे आहेत, ठिपक्यांआधी राजपुत्राचा कोट जाईल. भिंत ओल धरणारी नको आणि समोरून ऊन येणारी तर नकोच. कसर लागते ती मागून, म्हणून दर दिवाळीच्या साफसफाईत फ्रेम उतरवून मागची बाजू पाहा.

चित्र आणताना गुंडाळी करू नका, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून आणा. पावसाळ्यात वर प्लॅस्टिक, पण इथे पोचल्यावर लगेच काढायचं. जुनी फ्रेम असेल तर घरी उघडू नका, तशीच आणा. मागच्या पुठ्ठ्यावर कधी कधी जुन्या दुकानाचं लेबल असतं.