मध्यस्थी, औद्योगिक (सांगली जिल्हा)

मालक व कामगार यांच्यातील तंटा तटस्थ तिऱ्हाइताच्या मदतीने, उभयपक्षी राजीखुशीने मिटविण्याची पद्धत. कामगार कायद्याच्या मराठीत हिला ‘समेट’ म्हणतात. मध्यस्थ निवाडा देत नाही. निवाडा देतो तो लवाद. बोलण्यात या शब्दांची सरमिसळ होते आणि उगमाविषयीचा घोळही तिथूनच सुरू होतो.

एका मतानुसार या पद्धतीचे मूळ मराठा काळातील गोतसभा (वतनदार व गावकऱ्यांची न्यायसभा) व पंचायतीत आहे. पंचांपुढे उभे राहण्याआधी वादी-प्रतिवादी ‘राजीनामा’ लिहून देत. पंच ठरवतील ते मान्य, अशी ती कबुली असे. नोकरी सोडण्याच्या पत्राला हा शब्द पुढे लागला. मात्र गोतसभेपुढील वाद मुख्यतः वतनाचे व मानपानाचे असत आणि शेवटी हाती पडे तो महजर (सभेचा निर्णयलेख) किंवा निवाडपत्र. संमती घेतली जाई ती निर्णयापूर्वी. निर्णय पंचांचाच असे. म्हणून गोतसभा ही फार तर लवादाची पूर्वज ठरते. समेटाची सुरुवात मुंबई प्रांताच्या १९३४ च्या व्यवसाय-तंटे समेट कायद्यापासून धरणारे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याने समेट अधिकारी व मजूर अधिकारी ही पदे निर्माण केली. प्रारंभी तो मुंबईच्या कापडगिरण्यांपुरता होता.

सांगलीपुरते पाहता हे मतही जपून स्वीकारावे लागते. सांगली हे पटवर्धनांचे संस्थान, तर १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी औंध संस्थानात; प्रांताचा कायदा संस्थानांना लागू नसे. तासगाव व वाळवा तालुके मात्र ब्रिटिश सातारा जिल्ह्यात होते. संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे जिल्हाभर एकसारखी समेटव्यवस्था विलीनीकरणानंतरचीच मानावी.

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नुसार समेट अधिकाऱ्याने साधारणतः १४ दिवसांत अहवाल द्यावा, अशी अपेक्षा होती. परस्पर केलेला करार सह्या करणाऱ्या पक्षांपुरताच बंधनकारक असतो. समेट-कार्यवाहीत झालेला करार आस्थापनेतील सर्व कामगारांना, पुढे कामावर येणाऱ्यांनाही, बांधतो. बोलणी आधीच पुरी झालेली असूनही अधिकाऱ्यासमोर सह्या करण्याचा आग्रह धरला जातो, तो याचसाठी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत हे तत्त्व कायम आहे. अहवालाची मुदत सामान्यतः ४५ दिवस, संपाची नोटीस असल्यास १४ दिवस. साखर उद्योगासाठी १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाची स्वतंत्र रीत आहे : आधी कामाच्या अटींतील बदलाची नोटीस, मग वाटाघाटी, त्या फिसकटल्यास समेट. तीत कामगारांतर्फे बोलण्याचा पहिला मान प्रातिनिधिक (या अधिनियमाखाली तशी नोंदलेल्या) संघटनेचा असतो.

हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा असून त्याखालील मंडळांवर मालक व कामगारांचे प्रतिनिधी समसंख्य असतात. सांगलीच्या हळद-गूळ पेठेत हमालीच्या दराचे प्रश्न अडते, व्यापारी व हमाल-तोलाईदार यांच्या बैठकींत मिटविण्याची वहिवाट आहे.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारीत २०१३ च्या कायद्यानुसार समेट होऊ शकतो, पण चौकशीपूर्वी आणि तक्रारदार स्त्रीने स्वतः मागितला तरच. पैशाच्या देवघेवीवर तो करता येत नाही. ही मर्यादा अत्यंत योग्य असून अंतर्गत समितीने तक्रारदारावर तडजोडीसाठी दडपण आणणे कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे.