ग्रेन, कॉन्ट्रास्ट आणि डेव्हलपरची निवड

कृष्णधवल फिल्म स्वतःच्या हाताने धुऊ लागलेला माणूस बहुधा पहिल्याच महिन्यात विचारतो, की कमी ग्रेन (रवाळपणा) देणारा आणि कॉन्ट्रास्टही (उजेड-सावलीतील फरक) नेमका राखणारा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारे द्रावण, कोणता. या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारलेली असते आणि ती सोडवल्याशिवाय उत्तर सापडत नाही. माझ्या मते कॉन्ट्रास्ट हा प्रामुख्याने घड्याळाचा, थर्मामीटरचा आणि फिल्म धुण्याची टाकी हलवण्याच्या पद्धतीचा विषय आहे. ग्रेन हा आधी फिल्मचा आणि त्यानंतर डेव्हलपरचा विषय आहे.

फिल्मवरील जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे, त्यात थोडे आयोडाइड मिसळलेले, अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडलेल्या स्फटिकावर चांदीचे मोजकेच अणू मोकळे होतात आणि डोळ्यांना त्यातले काहीही दिसत नाही. डेव्हलपर त्या मोजक्या अणूंचा धागा पकडून संपूर्ण स्फटिकाचे काळ्या चांदीत रूपांतर करतो. ज्यावर प्रकाश पडलेला नाही तो स्फटिक मात्र तसाच राहतो आणि पुढे हायपोमध्ये (चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात) विरघळून निघून जातो. छायाचित्रात दिसणारा ग्रेन म्हणजे हे सुटे स्फटिक नव्हेत, कारण ते मायक्रॉनच्या मापाचे असतात. थराच्या जाडीत एकावर एक आलेल्या, कुठे दाट तर कुठे विरळ पडलेल्या कणांच्या पुंजक्यांमुळे जो रवाळपणा नजरेला जाणवतो, त्याला आपण ग्रेन म्हणतो.

कॉन्ट्रास्ट कसा वाढतो हे समजण्यासाठी टाकीत मिनिटागणिक काय घडते ते पाहावे लागते. सावलीच्या भागात प्रकाश लागलेले स्फटिक थोडे असल्याने तेथील काम लवकर आटोपते. उजेडाच्या भागात असे स्फटिक पुष्कळ असतात आणि तेथील काळेपणा मिनिटामिनिटाने चढत राहतो. त्यामुळे वेळ वाढवली की दोन टोकांमधील अंतर वाढते आणि वेळ कमी केली की ते आटोक्यात राहते. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड यांनी १८९० साली प्रकाशाचे प्रमाण आणि निगेटिव्हची घनता यांचा संबंध वक्ररेषेने मांडला, तेव्हापासून या वक्राच्या चढाला गॅमा म्हणतात. कोणताही सर्वसाधारण डेव्हलपर योग्य वेळ दिल्यास जवळपास हवा तो गॅमा देऊ शकतो, म्हणूनच केवळ कॉन्ट्रास्टसाठी डेव्हलपर बदलणे हे मला बहुतेक वेळा अनाठायी वाटते.

डेव्हलपरची खरी ओळख पटते ती ग्रेन आणि तीक्ष्णता यांच्या व्यवहारात. त्यासाठी डी-७६ या डेव्हलपरचे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे. कोडॅकमधील जॉन कॅपस्टाफ यांनी १९२० च्या दशकात सिनेमाच्या निगेटिव्हची प्रत काढताना तपशील टिकावा म्हणून तो सिद्ध केला आणि जवळपास शंभर वर्षे इतर डेव्हलपर त्याच्याशी ताडून पाहिले जातात; इल्फर्डचा आयडी-११ हाही व्यवहारात तोच. त्याचे लिटरचे सूत्र सोपे आहे: मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. चित्र उमटवण्याचे काम मेटॉल आणि हायड्रोक्विनोन करतात. यातले सल्फाइटचे प्रमाण पाहून नवख्याला आश्चर्य वाटते, कारण डेव्हलपर हवेने खराब होऊ नये एवढ्यासाठी इतक्या सल्फाइटची गरज नसते. एवढ्या सल्फाइटमध्ये स्फटिकांच्या कडा किंचित विरघळतात आणि विरघळलेल्या चांदीचा काही भाग पुन्हा आसपासच्या कणांवर बसतो, त्यामुळे ग्रेन मऊ होतो. पण कडा बोथट झाल्या की तीक्ष्णतेलाही थोडा फटका बसतो.

हाच डेव्हलपर समप्रमाणात पाणी घालून वापरला, तर सल्फाइट लिटरला ५० ग्रॅमवर येते, विरघळण्याची क्रिया मंदावते, ग्रेन किंचित उठून दिसतो आणि बारीक रेषा अधिक स्वच्छ उमटतात. एक बाटली, दोन स्वभाव; नवा डेव्हलपर विकत घेण्याआधी हे करून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र तयार द्रावण फार दिवस ठेवू नये, कारण साठवणुकीत त्याची आम्लारिधर्मीयता हळूहळू वाढते, सुरुवातीला जवळपास निष्क्रिय असलेले हायड्रोक्विनोन कामाला लागते आणि वेळ तीच ठेवूनही कॉन्ट्रास्ट चढतो.

दुसऱ्या टोकाला रोडिनल आहे. मॉम्मे आंद्रेसेन यांनी १८९१ साली अग्फासाठी तयार केलेला हा अतिशय तीव्र डेव्हलपर एका भागास २५, ५० किंवा १०० भाग पाणी घालून वापरतात. इतक्या पातळ द्रावणात सल्फाइट नाममात्र उरते, त्यामुळे ग्रेनच्या कडा शाबूत राहतात आणि तो ठळक दिसतो. शिवाय टाकी कमी हलवली, तर उजेडाच्या भागातला डेव्हलपर जागीच थकतो, शेजारच्या सावलीतला ताजा राहतो आणि दोहोंच्या सीमेवर गडद-फिकट रेघ उमटून चित्र अधिक धारदार भासते. मंदगतीच्या (प्रकाशाला कमी संवेदनशील), मुळातच बारीक ग्रेनच्या फिल्मला हे शोभते. ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मच्या वेगाचे, संवेदनशीलतेचे माप) ३५ मिलिमीटर फिल्मला माझ्या नजरेने सहसा नाही, विशेषतः आकाशाचा मोठा सपाट भाग असेल तेव्हा. परसेप्टॉलसारखे डेव्हलपर याच्या उलट, ग्रेन अतिशय मऊ करतात आणि त्याच्या बदल्यात फिल्मचा साधारण अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट किंवा निमपट) वेग घेतात. १९९६ साली आलेल्या एक्सटॉलमध्ये क जीवनसत्त्वाच्या जातकुळीतील अ‍ॅस्कॉर्बेट आहे आणि तो डी-७६ पेक्षा थोडा बारीक ग्रेन, थोडा अधिक वेग आणि चांगली तीक्ष्णता असे तिन्ही देण्याचा प्रयत्न बऱ्याच अंशी साधतो.

एक सापळा येथे सांगायलाच हवा. ग्रेन कमी व्हावा म्हणून अनेकजण फिल्म ठरलेल्या वेळेपेक्षा बरीच कमी धुतात. निगेटिव्ह हातात घेतल्यावर ग्रेन खरोखर कमी दिसतो, पण चित्र निस्तेज असल्याने प्रिंट काढताना कडक ग्रेडचा, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्ट देणारा, कागद लागतो आणि तो कागद चित्राच्या कॉन्ट्रास्टबरोबर ग्रेनचाही कॉन्ट्रास्ट वाढवतो. स्कॅन करून संगणकावर पातळ्या ताणल्या तरी हेच होते. म्हणून दृश्याला शोभेल इतका कॉन्ट्रास्ट निगेटिव्हमध्येच येऊ द्यावा आणि ग्रेनचा निर्णय फिल्म, डेव्हलपर आणि किती मोठी प्रिंट काढायची यांवरून घ्यावा. २४ बाय ३६ मिलिमीटरची फ्रेम ८ बाय १० इंचांवर नेली की ती आठपटीहून अधिक मोठी होते. सहा बाय सहा सेंटिमीटरच्या निगेटिव्हपासून आठ इंचांचा चौरस प्रिंट जेमतेम साडेतीनपट असतो, त्यामुळे तेथे रोडिनलचा ग्रेन डोळ्यांना खुपत नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. मे महिन्यातील दुपार, चुन्याने रंगवलेली कोकणातील देवळाची भिंत आणि आत सभामंडपाचा काळोख. इल्फर्डची एचपी५ प्लस फिल्म ४०० ऐवजी २०० आयएसओ धरून एक्स्पोज केली की सावलीत तपशील येतो. मग निगेटिव्हवर भिंत पूर्ण काळी पडू नये म्हणून वेळ कमी करायची. समप्रमाणात पातळ केलेल्या आयडी-११ मध्ये २० अंश सेल्सिअसला ४०० आयएसओसाठी १३ मिनिटे दिलेली आहेत, तेथे मी १० मिनिटांवर थांबेन. उलट, आषाढातील ढगाळ उजेडात वारीचे पांढरे कपडे आणि करडे आकाश यांत अंतर फारच थोडे असते, तेव्हा ४०० आयएसओवरच ठेवून १५ मिनिटे देईन. दोन्ही वेळा डेव्हलपर एकच असतो आणि ग्रेनही जवळपास सारखाच येतो.

आपल्याकडे पातळ द्रावण वापरण्याला आणखी एक कारण आहे. उन्हाळ्यात नळाचे पाणी सहज ३० अंशांच्या आसपास असते. तयार आयडी-११ न पातळ करता वापरला, तर २० अंशांना लागणारी साडेसात मिनिटे २४ अंशांना पाचच्या आसपास येतात आणि त्यावरच्या तापमानाला इतकी कमी होतात, की डेव्हलपर सर्वत्र सारखा पोहोचत नाही व सपाट भागात पट्टे दिसू लागतात. पातळ द्रावणाची १३ मिनिटे २४ अंशांना सुमारे ९ होतात, म्हणजे हाताशी वेळ उरतो. बर्फाच्या पिशव्या बादलीत ठेवून २४ अंशांपर्यंत पाणी उतरवणे घरी शक्य असते. तेवढेही जमले नाही, तर डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट, सल्फाइट नव्हे, घातल्यास जिलेटिनचे फुगणे कमी होते. हायपो आणि धुण्याचे पाणीही डेव्हलपरच्याच तापमानाच्या आसपास असले पाहिजे, कारण गरमातून एकदम थंडात गेलेले जिलेटिन आक्रसते आणि त्याला बारीक सुरकुत्या पडतात. प्रिंटमध्ये या सुरकुत्या जाड ग्रेनसारख्याच दिसतात आणि मग दोष विनाकारण डेव्हलपरला दिला जातो.