ठिबक कॉफी, घरगुती

ठिबक कॉफी, घरगुती : कॉफीच्या भरड पुडीवर उकळबिंदूच्या किंचित खालच्या तापमानाचे पाणी सोडून, ते स्वतःच्या वजनाने गाळणीतून उतरू देऊन मिळणारा अर्क, तसेच हे काम आपोआप करणारे विजेचे लहान यंत्र. सातारा-सांगलीकडे नुसते ‘कॉफी’ म्हटले, की दुधात पूड आणि साखर उकळून वर जायफळ किसलेले पेय डोळ्यांसमोर येते. ठिबक कॉफी त्याहून वेगळी. तासगावच्या द्राक्षपट्ट्यात ‘ठिबक’ या शब्दाचा पहिला अर्थ अर्थातच सिंचन. मात्र हे साम्य नावापुरते नाही. क्षार साठून ड्रिपर (थेंब सोडणारी तोटी) तुंबणे आणि आम्ल सोडून ते मोकळे करणे हे बागेत होते, तसेच कॉफीयंत्रातही होते. या भागात यंत्र बिघडण्याचे आणि कॉफी बेचव होण्याचे मुख्य कारण पाणी हेच आहे.

उगम : छिद्रांच्या तळावर पूड ठेवून वरून पाणी ओतण्याचे भांडे फ्रान्समध्ये सु. १८०० च्या सुमारास प्रचारात आले. त्याचे श्रेय पॅरिसचे आर्चबिशप झाँ-बातिस्त द बेल्वा यांना देण्याचा प्रघात आहे. त्यात कालाची अडचण आहे. द बेल्वा यांचा जन्म १७०९ चा. पॅरिसचे आर्चबिशपपद त्यांना १८०२ मध्ये मिळाले. म्हणजे १८०० हे साल धरले, तर भांडे पदाच्या आधीचे ठरते आणि ‘संशोधक’ नव्वदी ओलांडलेला ठरतो. हे अशक्य नाही, पण नाव भांड्याला मागाहून चिकटले असण्याचा संभव अधिक. दुसरा दावा रूआँ येथील औषधशास्त्रज्ञ देक्रुआझी यांचा. एकावर एक बसणारी दोन भांडी आणि मधली जाळी अशी त्यांची रचना १८०२ ची सांगितली जाते. रसायनाच्या प्रयोगशाळेत गाळणक्रिया रोजचीच असल्याने हा दावा स्वाभाविक वाटतो. काउंट रमफर्ड (बेंजामिन टॉमसन) यांनी १८१२ मध्ये कॉफीवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि पुडीच्या थराची जाडी, पाण्याचे तापमान व भांड्याची ऊब टिकवणे हे तीन मुद्दे शास्त्रीय पद्धतीने मांडले. आजच्या यंत्रातील दोषांची चर्चा अजूनही याच तीन मुद्द्यांभोवती फिरते.

दक्षिण भारतातील पितळी किंवा स्टीलचे दोन मजली फिल्टर याच कुळातले. ते पाँडिचेरीमार्गे फ्रेंचांकडून आले, असे काही वेळा सुचवले जाते. रचनेतील साम्य उघड आहे, परंतु केवळ साम्यावरून वंशावळ सिद्ध होत नाही.

कागदी गाळणी ही ड्रेस्डेन येथील मेलिटा बेन्ट्स या गृहिणीची देणगी. छिद्रे पाडलेल्या पितळी भांड्यात टिपकागद घालून त्यांनी प्रयोग केले, आणि जून १९०८ मध्ये त्याची नोंदणी झाली. ही नोंदणी पूर्ण पेटंट नसून जर्मन कायद्यातील ‘उपयुक्तता-नमुना’ या दुय्यम प्रकारची होती. अनेक लेखनांत हा फरक गाळला जातो. विजेवर चालणारे पहिले ठिबक यंत्र म्हणून सामान्यतः गॉटलोब विडमान यांचे ‘विगोमाट’ (पश्चिम जर्मनी, १९५४) मानतात. अमेरिकेत १९७२ मध्ये ‘मिस्टर कॉफी’ बाजारात आल्यावर हे यंत्र खऱ्या अर्थाने घरगुती झाले.

रचना व कार्य : यंत्रात पंप नसतो. टाकीतले पाणी एकदिशा झडपेतून तळाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या वळवलेल्या तापनळीत उतरते. नळी उकळबिंदूला पोचली, की वाफेचे बुडबुडे तयार होतात. झडप बंद असल्याने ते मागे जाऊ शकत नाहीत आणि पुढच्या पाण्याचे लहान लहान ठोकळे वर ढकलतात. यंत्राची गुरगुर ती हीच. वरच्या तोटीतून पाणी गाळणीपात्रातील पुडीवर पडते. जारखालची गरम तबकडी त्याच तापनळीला चिकटलेली असते. टाकी रिकामी झाल्यावर नळीचे तापमान १०० अंशांच्या वर जाते, तेव्हा थर्मोस्टॅट वीज तोडतो. तो निकामी झाला, तर शेवटचा आधार थर्मल फ्यूजचा (फार तापल्यावर वितळून वीज तोडणारा भाग).

या रचनेमुळे व्होल्टेजचा परिणाम अनपेक्षित दिशेने होतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला ६५० वॅट देणारे यंत्र १८० व्होल्टला ४०० वॅटच्या आतच राहते. ६०० मिली पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास, उष्णता वाया जात नाही असे धरल्यास, पहिल्या स्थितीत सु. पाच मिनिटे आणि दुसऱ्या स्थितीत सु. आठ मिनिटे लागतात. पाणी उकळल्याशिवाय वर चढतच नसल्याने कमी दाबाच्या विजेवर ते फारसे थंड येत नाही, सावकाश येते. कॉफी कडू होते ती त्यामुळे. गावठाणाबाहेरच्या वस्तीवर, शेतीपंप चालू असण्याच्या वेळेत, हाच दोष पुडीच्या माथी मारला जातो.

प्रमाण : भाजलेल्या कॉफीतील सु. ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के अंश काढला असता चव समतोल लागते. हा निकष १९५० च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट यांच्या कामातून रूढ झाला. प्रतिलिटर ५५ ते ६० ग्रॅम पूड, पुडीवर पडणाऱ्या पाण्याचे तापमान ९२ ते ९६° से. आणि एकूण वेळ ४ ते ८ मिनिटे ही आकडेवारी त्याच परंपरेतली. ६०० मिली पाण्याला ३६ ग्रॅम पूड घेतल्यास चोथा आपल्या वजनाच्या दुपटीइतके पाणी धरून ठेवतो आणि जारमध्ये सु. ५२५ मिली कॉफी उतरते. यंत्रावरच्या ‘कप’ या खुणांवर विसंबू नये. ते कप बहुधा १२५ मिलीच्या आसपासचे असतात, पण निर्मात्यागणिक बदलतात. पोह्याच्या चमच्याने मोजण्यापेक्षा स्वयंपाकाचा वजनकाटा बरा. भरड आणि बारीक पुडीचा एकच चमचा वेगवेगळा भरतो.

कॉफीत दूध घालायचे असेल, तर वरील प्रमाण अपुरे पडते. ठिबक कॉफीत विरघळलेला अंश सव्वा ते दीड टक्काच असतो; त्यात निम्मे म्हशीचे दूध ओतल्यावर फक्त दूधच लागते. अशा वेळी पूड प्रतिलिटर ९० ते १०० ग्रॅम घ्यावी, यंत्र निम्म्याच क्षमतेने चालवावे आणि कडकडीत गरम दूध कपात चौथा हिस्साच घालावे. दूध, साखर किंवा मसाला टाकीत कधीही घालू नये. दूध तापनळीत करपते आणि ती नळी पुन्हा साफ होत नाही. जायफळ कपात किसावे.

पूड : बाजारात मिळणारी ‘फिल्टर कॉफी’ पूड दोन कारणांनी या यंत्राला मानवत नाही. ती दक्षिणी फिल्टरसाठी बारीक दळलेली असते, आणि तिच्यात चिकोरी (एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ) असते. भारतीय अन्ननियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफीचा अंश ५१ टक्क्यांहून कमी नसावा व प्रमाण पुड्यावर छापावे लागते; ७०:३० किंवा ८०:२० ही मिश्रणे नेहमीची. भाजलेल्या चिकोरीचा बराच मोठा भाग पाण्यात विरघळतो आणि राहिलेला फुगून मऊ होतो. गाळणीची छिद्रे बुजतात, पात्र भरते आणि चोथ्यासकट पाणी कडेने ओघळते. चिकोरीचीच चव हवी असेल, त्याने स्टीलचा फिल्टर वापरणे शहाणपणाचे. यंत्रासाठी शुद्ध कॉफीचे दाणे घ्यावेत. चिकमगळूर-कोडगूकडील माल पुणे-बंगळूर महामार्गाने व मिरज जंक्शनवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाने येऊ शकत असल्याने ताजे दाणे मागवणे या भागाला अवघड नाही. धुऊन तयार केलेल्या अरेबिका जातीतील ‘प्लँटेशन ए’ (दाण्यांची एक प्रत) किंवा ‘पीबेरी’ (फळात एकच भरलेला गोल दाणा) मध्यम भाजणीत ठिबकसाठी चांगले. रोबस्टा या दुसऱ्या जातीने रंग आणि कडूपणा वाढतो. दुधाच्या कॉफीत एक चतुर्थांशापर्यंत तो खपून जातो.

दळण उपम्याच्या जाड रव्याइतके असावे. घरच्या मिक्सरमध्ये ते करायचे, तर एका वेळी ३० ते ४० ग्रॅमच दाणे घ्यावेत, दोन-दोन सेकंदांचे झटके द्यावेत, मध्ये भांडे हलवावे आणि शेवटी मैद्याच्या चाळणीतून भुगा काढून टाकावा. सलग फिरवल्यास निम्मे पीठ आणि निम्मे तुकडे होतात. पिठातून कडवटपणा व तुकड्यांतून आंबटपणा एकाच कपात येतो. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीकडे उघडा पुडा एका दिवसात दमट होतो. डबा फ्रीजमधून काढून लगेच उघडू नये. पुडीवर दव धरते.

पाणी : निवडक प्रतीच्या (‘स्पेशालिटी’) कॉफीच्या व्यवसायात पाण्यातील एकूण विद्राव्य क्षार (टीडीएस) लिटरला १५० मिग्रॅ.च्या आसपास असणे आदर्श मानतात. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात क्षार ५०० आणि कठीणपणा २०० मिग्रॅ.पर्यंत इष्ट आहे, म्हणजे पिण्यास निर्धोक पाणी कॉफीस चांगले असेलच असे नाही. साताऱ्याला मिळणारे कास तलावाचे पाणी जांभ्याच्या पठारावरच्या पावसाचे, त्यामुळे सामान्यतः मृदू. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या अवर्षणप्रवण तालुक्यांत बेसाल्टातल्या कूपनलिकांवर भिस्त असते व पाणी बहुधा जड असते. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातल्या विहिरींचा प्रश्न वेगळा. तिथे कठीणपणाच्या जोडीला सोडियमचे क्षारही येतात.

जड पाण्यातील बायकार्बोनेटे कॉफीतली आम्ले मारतात. कॉफी मातकट, खडूसारखी लागते आणि पूड वाढवूनही उठत नाही. याच्या उलट आरओ यंत्राचे ३०-४० मिग्रॅ. क्षारांचे पाणी अर्क नीट ओढत नाही. कॉफी पातळ आणि टोकदार आंबट होते. मधला मार्ग मिश्रणाचा. आरओचे पाणी ४० आणि कूपनलिकेचे ९०० असेल, तर लिटरमध्ये सु. १३० मिली कूपनलिकेचे पाणी घातल्याने १५० चा आकडा साधतो. पण टीडीएस मीटर क्षारांचा प्रकार सांगत नाही. क्षारपड भागात मिठाने आलेला १५० चा आकडा निरुपयोगी. तिथे आरओमध्ये नळाचे पाणी मिसळावे. आरओ नसेल, तर पाणी पाच मिनिटे उकळून निवू द्यावे आणि वरचे निवळ पाणी वापरावे. तात्पुरता कठीणपणा खाली बसतो.

उंचीचा परिणाम डोंगरावरच जाणवतो. दर ३०० मी.ला उकळबिंदू सु. १ अंश उतरतो. सांगलीत (सु. ५५० मी.) तो ९८ च्या पुढे, तर महाबळेश्वरला (सु. १,३५० मी.) साडेपंच्याण्णवच्या आसपास. तोटीपासून पुडीपर्यंत पोचेतो आणखी काही अंश जातात. तिथे दळण थोडे बारीक व भाजणी किंचित गडद घ्यावी.

कृती व दोष : पहिले पाणी नेहमी थंड पडते, कारण नळ्या आणि पात्र तापलेले नसते. भरलेल्या जारमध्ये हा दोष विरून जातो, दोन कपांत मात्र उघडा पडतो. म्हणून कागदी गाळणी शिवणीवर दुमडून बसवावी आणि पुडीशिवाय एक पेलाभर पाणी फिरवावे. यंत्र तापते व कागदाचा वासही जातो. मग पूड घालून थर सपाट करावा. पूड भिजल्याबरोबर बटण बंद करून अर्धा मिनिट थांबावे. ताज्या पुडीतला कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो. तो आत राहिला, तर पाणी पुडीत शिरत नाही. बहुतेक स्वस्त यंत्रांत तोटी एकच असते. ती मध्यभागी खड्डा पाडते आणि कडेची पूड कोरडी राहते, तेव्हा चमच्याच्या दांड्याने एकदा हलकेच ढवळावे. संपल्यावर चोथा सपाट दिसला, तर पाणी सारखे गेले असे समजावे.

यंत्राबरोबर येणारी नायलॉनची जाळी धुऊन वापरता येते, पण तिच्यातून तेल आणि गाळ उतरतो. कागद कॅफेस्टॉल व काव्हेऑल ही रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवणारी द्रव्ये बरीचशी अडवतो. जार नीट सरकवला नाही, तर पात्राखालची स्प्रिंगची झडप बंदच राहते आणि ओट्यावर पूर येतो. तबकडीवर अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवलेली कॉफी करपट लागते. उतरताच थर्मासमध्ये ओतावी.

टाकीत पाणी असताना यंत्र मधेच बंद होऊन पुन्हा चालू होऊ लागले, तर नळीत कॅल्शियम कार्बोनेटाचा थर बसला आहे. उष्णता पाण्यात जात नाही, थर्मोस्टॅटला मात्र लवकर पोचते. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक आम्ल) विरघळवून अर्धे फिरवावे, बंद करून २० मिनिटे थांबावे, उरलेले फिरवावे आणि साधे पाणी दोन-तीनदा सोडावे. द्रावण याहून तीव्र करू नये. कॅल्शियम सायट्रेट न विरघळता नव्याने बसते. नळाच्या मृदू पाण्यावर हे तीन महिन्यांनी, कूपनलिकेच्या पाण्यावर महिन्याला करावे. बागेतल्या ठिबकसाठी आणलेले हायड्रोक्लोरिक आम्ल इथे वापरू नये. ते थराबरोबर अ‍ॅल्युमिनियमची नळीही खाते. स्वच्छ केल्यावरही पाणी चढत नसेल, तर टाकीच्या तळाच्या एकदिशा झडपेत खपली अडकलेली असते. यंत्र उपडे करून मागची नळी पिळल्यास ती बहुधा सुटते. प्लग अर्थातच आधी काढलेला असावा.