घरातलं मिठागर: दोन फुटांच्या समुद्री टँकचं स्वस्तातलं गणित

भांडुप-मुलुंडच्या बाजूने पूर्व द्रुतगती महामार्गावरून जाताना खाडीकडे मिठागरांचे चौकोन दिसतात. तिथलं तंत्र साधं आहे. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालायचा आणि बाकीचं उन्हावर सोपवायचं. पाणी उडतं, मीठ राहतं. घरात खाऱ्या पाण्याचा टँक मांडणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळतं, की मासे आणि प्रवाळ पुढची गोष्ट, आधी आपण एक लहानसं मिठागर दिवाणखान्यात आणून ठेवलंय. फरक इतकाच, की आगरी माणूस ज्याची वाट बघतो नेमकं तेच आपल्याला होऊ द्यायचं नसतं.

माझा टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरला तर ५६ लिटर, पण वरची मोकळी जागा आणि दगड वजा जाता खरं पाणी ४५ लिटरच्या आसपास. खर्च वाचवायचा म्हणून याहून लहान टँक घ्यावासा वाटतो, आणि तिथेच पहिली चूक होते. चाळीसेक लिटरच्या खाली गेलं, की पाण्यातला प्रत्येक बदल झपाट्याने होतो आणि तो सावरायला आपल्याला वेळ मिळत नाही. माझ्या टँकमधून उन्हाळ्यात पंखा लावल्यावर रोज लिटरभर पाणी उडतं. तीन दिवस वर पाणी घातलं नाही, तर ४५ चे ४२ लिटर होतात, पण मीठ तेवढंच राहतं. लिटरला ३५ ग्रॅमचा खारटपणा साडेसदतीसवर जातो. हेच दहा लिटरच्या बरणीत झालं असतं तर? म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालायचं, खारं नव्हे. नवखे इथे हमखास चुकतात. मीही चुकलो होतो, आणि दोन गोगलगायींनी त्याची किंमत मोजली.

आता मिठाचा प्रश्न. “समुद्राचंच तर आहे, मग जाडं मीठ का नाही चालत?” हे मला आजवर सगळ्यात जास्त वेळा विचारलं गेलंय, आणि त्याचं उत्तर पुन्हा मिठागरातच आहे. समुद्राचं पाणी आटत जातं तसे त्यातले क्षार एकाच वेळी खाली बसत नाहीत. आधी कॅल्शियम कार्बोनेट बसतं, मग जिप्सम, आणि पाणी मूळच्या साधारण दहाव्या हिश्शावर आलं की आपलं खायचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम मात्र शेवटपर्यंत त्या उरलेल्या कडवट पाण्यात राहतात, आणि ते पाणी मीठवाले काढून टाकतात. म्हणजे वाण्याकडच्या पिशवीत समुद्राचा एकच घटक आलेला असतो. ज्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवर प्रवाळ, शिंपले, चुना बांधणारं गुलाबी शैवाल जगतं, ते आगरातच मागे राहिलं.

समुद्राची ही ‘पाककृती’ किती पक्की आहे, हे एकोणिसाव्या शतकात दिसलं. चॅलेंजर हे ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरलं. त्याने ठिकठिकाणाहून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. खारटपणा जागोजागी कमीजास्त होता, पण प्रमुख क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण सगळीकडे जवळपास तेच. ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारं महाग समुद्री मीठ म्हणजे तीच पाककृती पाकिटात भरलेली. तिथे काटकसर करू नका. तसंही सुरुवातीला पावणेदोन किलोच्या आसपास लागतं, आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर प्रत्येक वेळी पावशेराहूनही कमी.

वाण्याच्या मिठाचा एक उपयोग मात्र होतो, आणि तो मला फार आवडतो. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो, म्हणजे पाण्यातून प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा सांगणारं यंत्र. स्वस्तातला घेतला तरी चालतो, पण त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. साडेछत्तीस ग्रॅम साधं मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवलं, की त्या द्रावणातून प्रकाश जितका वाकतो तितकाच ३५ च्या समुद्रपाण्यातून वाकतो. सोनाराचा नाही, पण स्वयंपाकघरातला बऱ्यापैकी डिजिटल काटा असला की झालं. यंत्र त्या पाण्यावर ३५ ला आणून ठेवायचं. मासे ज्यात मरतील, त्याच पाण्याने त्यांचं मोजमाप बिनचूक होतं.

किनाऱ्यावर राहणारे म्हणतील, पाणीच समुद्रातून आणू. मुंबईच्या किनाऱ्यावरून नको. सांडपाण्यात काय काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे. रत्नागिरी-मालवणकडे, कोरड्या दिवसांत, खाडीच्या तोंडापासून दूर, भरतीच्या वेळी घेतलेलं पाणी गाळून वापरणारे लोक आहेत. पावसाळ्यात मात्र नद्यांच्या पाण्याने खारटपणा घसरतो आणि गाळही येतो.

गोड्या पाण्याबाबत आपल्याकडे दोन खास सापळे आहेत. घरच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळलेलं असतं. ते मिसळणं बंद करून पुढे आयन काढणारी राळ असलेली नळी लावली, तर विरघळलेले क्षार जवळपास शून्यावर येतात. दुसरा सापळा ‘फुकटच्या शुद्ध पाण्याचा’: एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी. ते तांब्याच्या वेटोळ्यांवरून येतं, आणि माणसाला चालणारं तांबं गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ यांना अगदी थोड्या प्रमाणातही विष ठरतं. याच कारणाने आजीच्या हंड्यात पाणी साठवायचं नाही. प्लास्टिकची बादली बरी.

मग सुरू होते वाट बघण्याची पाळी. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो आणि इतक्या अल्कधर्मी पाण्यात अमोनियाचा विषारी हिस्सा गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव दगडांवर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टँकमध्ये मासे सोडायचे नाहीत. रोज चिमूटभर मासेखाद्य टाकायचं आणि चाचणीच्या बाटलीतला रंग बघत बसायचं. घरचे विचारतात, मासे कुठायत? सांगायचं, आधी जिवाणू पाळतोय.

तेही पूर्ण खरं नाही. अमोनियावर जगणारे फक्त जिवाणूच असतात, असं शंभराहून जास्त वर्षं मानलं जात होतं. मग २००५ मध्ये जिवाणूंपासून अगदी वेगळ्या कुळातला, आर्किया गटातला एक सूक्ष्मजीव हेच काम करताना सापडला. नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. पुढे लक्षात आलं, की महासागरात त्याच्या भाऊबंदांची संख्या अफाट आहे. आणि तो पहिल्यांदा मिळाला कुठे? सिॲटलच्या मत्स्यालयातल्या समुद्री टँकच्या खड्यांमध्ये. समुद्राच्या नत्रचक्राबद्दलची समज बदलणारा जीव एका टँकच्या तळाशी बसला होता, हे आठवलं की सहा आठवडे जरा सुसह्य होतात.

हे सूक्ष्मजीव राहतात सच्छिद्र दगडात. १९६१ मध्ये जाकार्तातल्या ली चिन एंग यांनी मांडलेली पद्धत याच दगडांवर उभी होती: समुद्रातले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि ऊन, बस्स. पण तो मार्ग आपल्यासाठी बंद आहे, आणि ते योग्यच आहे. बाजारातला ‘जिवंत दगड’ म्हणजे बहुतेकदा तोडलेल्या प्रवाळाचा सांगाडा. खडक बांधणारी सगळी टणक प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. समुद्रघोडेही त्यातच. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या वाटेत हाजी अली आणि वरळीला प्रवाळांच्या १८ वसाहती आल्या, तर त्या हलवायला पालिकेला रीतसर परवानगी घ्यावी लागली होती, २०२० मध्ये. तेव्हा “मालवणहून एक तुकडा आणलाय, कुणाला कळतंय” असं सांगणाऱ्या विक्रेत्यापासून दोन हात लांब राहिलेलं बरं. असा एकजण मलाही भेटला होता. तुकडा सुंदर होता, हे कबूल करतो.

मग दगड कुठून आणायचे? भट्टीत भाजलेले सच्छिद्र सिरॅमिकचे मिळतात. हाताने करायचे तर सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा यांचे गोळे बांधून चालतात, पण ते काही आठवडे पाण्यात बुडवून, पाणी पुन्हा पुन्हा बदलून निवू द्यावे लागतात. नाहीतर सिमेंटमधला चुना पाण्याचा सामू वर नेऊन ठेवतो. तळाला वाळू मी घातलीच नाही. उघडी काच पुसायला सोपी, आणि तेवढेच पैसे वाचले. फेस काढणारं स्किमरही नाही. एवढ्या टँकला दर रविवारची, पाणी बदलायची बादली तेच काम करते.

वस्ती कोणाची? मश्रूम प्रवाळ, चामड्यासारखी मऊ प्रवाळं, आणि झोअँथिड, ज्यांना दुकानदार ‘झोआ’ म्हणतात. यांच्या पेशींत प्रकाश पकडणारं शैवाल राहतं आणि धन्याला अन्न पुरवतं, म्हणून निळसर एलईडी दिवा आठेक तास पुरतो. झोआंबद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्या. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. हातमोजे घालूनच कापाकापी करायची, आणि ज्यावर झोआ वाढलेत असा दगड स्वच्छ करायला कधीही उकळायचा नाही. त्या वाफेने अख्खी कुटुंबं इस्पितळात गेल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत.

मासे दोनच. विदूषक मासे, हॅचरीत जन्मलेले. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने मंडपम इथे त्यांच्या प्रजननाचं तंत्र बसवलंय, आणि आपल्याकडे ऐरोलीलाही समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी आहे. लहानपणीच दोन एकत्र सोडले, की त्यातला दांडगा मादी होतो आणि दुसरा नर राहतो. जन्मतः ठरलेलं असं काही नसतं.

परदेशी मार्गदर्शकांत हीटरवर पानंच्या पानं असतात. आपलं दुखणं उलटं आहे. प्रवाळाला २४ ते २७ अंश मानवतात, आणि मे महिन्यात कल्याण-डोंबिवलीच्या खोलीत पाणी सहज ३१-३२ वर जातं. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त गरमी काही आठवडे टिकली, की प्रवाळ आपलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपमध्ये हे १९९८ पासून पुन्हा पुन्हा झालंय. चिलर घेतला तर तो टँक, दिवा, दगड सगळ्यांच्या बेरजेहून महाग पडू शकतो. मी संगणकातले दोन जुने पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके बसवलेत. तत्त्व माठाचंच. एक लिटर पाणी उडताना सुमारे २,४३० किलोज्यूल अप्रकट उष्मा घेऊन जातं. माझ्या ४५ लिटरच्या हिशोबात ही उष्णता पाणी १३ अंशांनी थंड करण्याइतकी आहे. खोलीची ऊब सतत परत आत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात तीनेक अंशांचा फरक पडतो. नागपूरच्या कोरड्या हवेत जास्त पडेल. वीज गेली तर पंखेही गेले आणि पाणी फिरवणारा पंपही. २८ अंशांच्या समुद्रपाण्यात लिटरला जेमतेम ६.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असायलाच हवा.

आणि रोज उडालेल्या त्या लिटरभर पाण्याच्या जागी नुसतं पाणीच कशाला घालायचं? शाळेत नळीने फुंकर घालून दुधाळ केलेली चुन्याची निवळी आठवते? सत्तरच्या दशकात पेटर विल्केन्स यांनी प्रवाळाच्या टँकमध्ये तीच वापरायचं तंत्र रूढ केलं. जगभरचे शौकीन तिला ‘काल्कवासर’ म्हणतात, म्हणजे जर्मनमध्ये चुन्याचं पाणी. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम आणि बायकार्बोनेट ठरावीक प्रमाणात घेऊन बांधतं. चुन्यातला कॅल्शियम आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळून होणारं बायकार्बोनेट, दोन्ही नेमकं त्याच प्रमाणात परत मिळतात. पानटपरीवरचा चुना मात्र नको, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. खाद्य दर्जाची शुद्ध पूड घ्या. लिटरला दीड ग्रॅम ढवळून, झाकून, रात्रभर ठेवा आणि वरचं निवळ तेवढं घ्या. तिचा सामू १२ च्या वर असतो, म्हणून रात्रीतून थेंबथेंब सोडायची. सलाइनची नवी नळी आणि तिची चाकाची खीळ या कामाला उत्तम. माझ्यासारख्या मऊ प्रवाळांच्या टँकला रोज पूर्ण लिटर देणं म्हणजे अति झालं. त्याने कॅल्शियम लिटरमागे १८ मिलिग्रॅमने वाढेल आणि ते खर्च करणारं कुणी नसेल. सुरुवातीला मी आठवड्यातून दोनदा फुलपात्रभर देत होतो. मग मागच्या काचेवर गुलाबी ठिपके दिसू लागले, चुना बांधणाऱ्या शैवालाचे, आणि ते पसरले तशी मात्रा वाढवली.

जुलैत हवा ओली झाली की पाणी उडणं मंदावतं. काचेवर मार्करने आखलेली रेघ तीन-तीन दिवस उघडी पडत नाही, म्हणजे निवळी घालायलाही जागा उरत नाही. तेवढे दोन महिने गुलाबी शैवालाची भूक रविवारच्या बादलीनेच भागवावी लागते. झाकणाच्या कडेला साचलेली पांढरी मिठाची कड तेव्हा ओलसर होऊन आपसूक आत ओघळते. उन्हाळ्यात ती मी ओल्या फडक्याने पुसून परत टँकमध्येच पिळतो.