कॅम्पर व्हॅन थेट बीचवर लावून झोपता येतं का?

“कोकणात बीच सगळ्यांचाच, कॅम्पर व्हॅन वाळूत उतरवा आणि झोपा, हॉटेलचा खर्च वाचतो” हे वर्षानुवर्षं फिरतंय आणि ते चुकीचं आहे. फिरायला किनारा सगळ्यांचा, पण गाडीसाठी नाही. भरती दिवसातून साधारण दोनदा येते, दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं, म्हणजे संध्याकाळी ओहोटीला जी वाळू मस्त घट्ट दिसते तिथेच मध्यरात्री पाणी असतं, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर ते आणखी वर चढतं, चाकाखालची वाळू सुटते आणि जड व्हॅन रुतली की मग ट्रॅक्टरच शोधा. शिवाय वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, गाडीच्या उजेडाने मादी परत फिरते, पिल्लं भरकटतात, हे तरी थांबायलाच हवं ना!

मग राहायचं कुठे? गावातल्या होमस्टेवाल्या काकूंना आधी फोन करा, अंगणात रात्रभर गाडी लावू का, टॉयलेट, पाणी, चार्जिंगला प्लग मिळेल का विचारा, बरेच जण थोड्या पैशात हो म्हणतात. वाडीतला रस्ता अरुंद असतो, वर वायरी लोंबतात, त्यामुळे गाडीची उंची आधीच सांगा. आणि नारळाखाली अजिबात लावू नका.