आजी इंग्लंडची होती, हे कागदावर कसं सिद्ध करायचं?

"पणजोबा यॉर्कशरचे. त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंदही सापडली. आता व्हिसाचा अर्ज भरतोय." असा निरोप आला की मी आधी एकच विचारते: आजोबांचा जन्म कुठला? उत्तर बहुतेक वेळा खडकी, देवळाली, भुसावळ नाहीतर कामठी असं येतं, आणि गोष्ट तिथेच थांबते. यूके अँसेस्ट्री व्हिसा म्हणजे आजी-आजोबांच्या तिकडच्या जन्मावर ब्रिटनमध्ये राहून काम करायला मिळणारा व्हिसा. त्यासाठी आजी किंवा आजोबा तिकडे जन्मलेले लागतात. पणजोबा चालत नाहीत, मग त्यांची सोळा पिढ्यांची वंशावळ हातात असली तरी. लोक महिनोन्‌महिने जुन्या नोंदी शोधतात, फी भरतात, आणि नकार आल्यावर हे वाक्य पहिल्यांदा नीट वाचतात. ती फी परत मिळत नाही.

पात्रता थोडक्यात अशी. अर्जदार कॉमनवेल्थ (राष्ट्रकुल) देशाचा नागरिक हवा, वय किमान १७. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. आईकडचे-वडिलांकडचे मिळून चार आजी-आजोबा, त्यातलं कुणीही एक ब्रिटनमध्ये, चॅनल बेटांवर किंवा आइल ऑफ मॅनवर जन्मलेलं हवं. आजच्या आयर्लंडमध्ये जन्म झाला असेल तर तो ३१ मार्च १९२२ च्या आधीचा लागतो. ब्रिटनमध्ये नोंदलेल्या जहाजावर किंवा विमानात झालेला जन्मही धरतात. आई-वडील किंवा आजी-आजोबांचं लग्न झालेलं नसेल तरी अडत नाही, दत्तक नातं चालतं, सावत्र चालत नाही. तिकडे जाऊन काम करण्याची तयारी दाखवावी लागते. अर्ज ब्रिटनच्या बाहेरूनच करायचा, आणि प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. तुमचा पासपोर्ट अमेरिकी झाला असेल तर हा रस्ता बंद आहे, कारण अमेरिका कॉमनवेल्थमध्ये नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूरच्या नागरिकांना ही अडचण येत नाही. आणि आजी-आजोबा नव्हे, तर आई किंवा वडील स्वतःच तिकडे जन्मलेले असतील, तर व्हिसाआधी नागरिकत्वाचे नियम तपासा. कदाचित तुम्हाला व्हिसाची गरजच नसेल.

आता कागद. तुमचा पूर्ण जन्मदाखला, ज्यांच्याकडून नातं सांगताय त्या आईचा किंवा वडिलांचा जन्मदाखला, आणि त्या आजीचा किंवा आजोबांचा जन्मदाखला. जिथे लग्नाने नाव बदललं तिथे लग्नाचा दाखला. ज्यांनी जातपडताळणी केली आहे त्यांना ही साखळी लगेच समजते. फरक एवढाच की तिथे वंशावळीचं प्रतिज्ञापत्र मुख्य कागदांपैकी एक असतं. इथे प्रतिज्ञापत्र दाखल्याची जागा घेत नाही. कडी तुटली तर ती दाखल्यानेच जोडावी लागते.

जनगणना आणि चर्चच्या नोंदी मग कशाला? शोधायला. जनगणनेचं पान सांगतं की माणूस कुठे होता, घरात कोण होतं, जन्म कुठल्या गावचा. त्यावरून योग्य दाखला मागवता येतो. जनगणनेच्या पानाची छापील प्रत जन्माचा पुरावा म्हणून अर्जाला जोडू नका. मी ती जोडलेले अर्ज पाहिले आहेत.

एका घरी आजीच्या पत्र्याच्या डब्यातून इंग्लंडचा जन्मदाखला निघाला तेव्हा सगळ्यांना वाटलं काम झालं. छोटासा कागद, त्यावर नाव, मुलगी असल्याची नोंद, जन्मतारीख आणि नोंदणी जिल्हा. आईबापाचं नाव कुठेही नाही. तो संक्षिप्त दाखला होता, १९४७ पासून मिळू लागलेला. आजीला नोकरीला आणि पासपोर्टला तो पुरला, नातवाच्या अर्जाला पुरत नाही, कारण ही मुलगी कुणाची हे त्यावरून कळत नाही. पूर्ण दाखला नव्याने मागवावा लागतो. तो इंग्लंड आणि वेल्ससाठी साउथपोर्टच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडून मिळतो. सरकारी संकेतस्थळावरूनच मागवा, मधले लोक त्याच कागदाचे जास्त पैसे घेतात. तिथे स्वस्तात डिजिटल प्रतही मिळते, ती शोधकामाला उत्तम, पण कायदेशीर पुरावा म्हणून चालत नाही. कागदी दाखलाच घ्या. स्कॉटलंडची नोंदणी निराळी आहे, ती १८५५ पासूनची, आणि तिची दारं स्कॉटलंड्सपीपल या संकेतस्थळाकडे.

दाखला मागवायचा तर जन्मनोंदणीच्या सूचीतली नोंद आधी ओळखायला हवी, आणि इथे माणसं फार चुकतात. सूची तिमाहीवार आहे: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. ही तिमाही नोंदणीची, जन्माची नव्हे. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत असते, म्हणून १० मार्चला जन्मलेलं मूल जूनच्या तिमाहीत सापडू शकतं. आजीचा वाढदिवस मार्चमधला म्हणून मार्च तिमाही चाळायची आणि "नोंदच नाही" म्हणून सोडून द्यायचं, असं करू नका.

दुसरी गफलत जागेची. सूचीत गावाचं नाव नसतं, नोंदणी जिल्ह्याचं असतं. आजी "बर्मिंगहॅमची" असेल, पण १९२० च्या सुमारास त्या शहराच्या कितीतरी उपनगरांतले जन्म किंग्ज नॉर्टन नाहीतर अ‍ॅस्टन या जिल्ह्यांखाली नोंदले आहेत. आपल्याकडे कुणी "पुण्याचा" म्हणावं आणि सातबारा हवेली तालुक्यात निघावा, तसंच.

एकाच नावाच्या चार मुली सापडल्या तर आईचं माहेरचं आडनाव कामी येतं. सप्टेंबर १९११ च्या तिमाहीपासून ते जन्माच्या सूचीत छापलेलं आहे, आणि जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत त्याआधीच्या जन्मांनाही जोडलं आहे. फ्रीबीएमडी ही स्वयंसेवकांनी उतरवलेली सूची फुकट आहे, सुरुवात तिथून करा.

तरीही खात्री होत नसेल तर जनगणनेकडे वळा. १९ जून १९२१ ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. तिच्यात वय वर्षं आणि महिन्यांत दिलेलं आहे, जन्मगाव आहे, कुणाकडे काम करतो तेही आहे. महिन्यांमुळे जन्माची तिमाही जवळजवळ हाती लागते. जनगणना शंभर वर्षांनीच उघडते, पण इंग्लंड-वेल्सची पुढची उघडेल ती १९५१ ची. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची सगळी पानं डिसेंबर १९४२ च्या आगीत जळाली, आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. आजी १९२१ च्या जूननंतर जन्मली असेल तर तिला जनगणनेत शोधण्यात वेळ घालवू नका. तिचे आईवडील मात्र तिथे सापडतील.

अशा आजीसाठी उरतं ते १९३९ चं रजिस्टर. युद्ध सुरू झाल्यावर २९ सप्टेंबर १९३९ ला घरोघरची नावं जन्मतारखेसह लिहून घेतली. पुढे आरोग्यसेवेने तेच रजिस्टर वापरलं, म्हणून लग्नानंतरची आडनावं कित्येक ओळींवर शेजारी लिहिलेली दिसतात. अडचण अशी की ज्यांच्या मृत्यूची माहिती नाही त्यांची ओळ जन्मापासून शंभर वर्षं काळ्या पट्टीखाली राहते. तुमची आजी सांगली नाहीतर नाशिकला वारली, तर तिकडच्या रजिस्टरला ते कसं कळणार? तिच्या मृत्यूचा दाखला पाठवून ओळ खुली करण्याची विनंती करता येते. हे माहीत नसल्यामुळे लोक "आजी रजिस्टरमध्ये नाही" असं धरून चालतात. ती असते, झाकलेली असते.

यापुढचा भाग मराठी घरांसाठी सगळ्यात अवघड आहे, आणि तो इंग्लंडमधला नाही, आपल्या घरातला आहे. शिकायला गेलेल्या आजोबांनी तिकडे लग्न केलं, आजी इथे आली आणि सासरी तिचं नाव ठेवलं गेलं. एल्सीची लीला झाली. मुलाच्या जन्माच्या नोंदीत आई म्हणून लीला आली. इंग्लंडच्या दाखल्यावर एल्सी आणि वडिलांचं आडनाव, मुंबईच्या दाखल्यावर लीला आणि सासरचं आडनाव. घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे की ही एकच बाई. अधिकाऱ्याला माहीत नाही, आणि तो विचारायला फोन करेल या भरवशावर राहू नका.

लग्न इंग्लंडच्या रजिस्टर ऑफिसात झालं असेल तर नशीब बरं. त्या दाखल्यावर वधूच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. जन्मदाखल्यावरही तेच. दोन्ही जुळले की एल्सीपासून सासरच्या आडनावापर्यंतची कडी पक्की. मात्र आपली आडनावं तिकडच्या कारकुनाने ऐकून लिहिलेली असतात, त्यामुळे सूचीत शोधताना देशपांडे, कुलकर्णी यांची जमतील तेवढी इंग्रजी स्पेलिंगं वापरून बघा. मार्च १९१२ च्या तिमाहीपासून लग्नाच्या सूचीत जोडीदाराचं आडनाव दिलेलं आहे, म्हणून आजीच्या बाजूनेही शोधता येतं.

लग्न इथे वैदिक पद्धतीने झालं आणि नोंदलं नाही, तर कष्ट वाढतात. अशा वेळी आजीची दोन्ही नावं एकत्र दिसतील असा कुठलाही जुना कागद शोधा: जुना पासपोर्ट, नावबदलाचं राजपत्र, नोकरीचं सेवापुस्तक, बँकेचा, विम्याचा किंवा निवृत्तिवेतनाचा कागद. त्या काळात तयार झालेला एक कागद आज केलेल्या दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा वजनदार असतो. लग्नाचा फोटो जोडून भागत नाही.

वडिलांचा दाखलाही आताच काढून पाहा. शाळा सोडल्याच्या जुन्या दाखल्यावर आईचं नाव नसायचंच, त्यामुळे तो या साखळीत उपयोगाचा नाही. महापालिकेच्या नोंदीत आईचं नाव चुकलं असेल तर दुरुस्ती होते. नोंदच झाली नसेल तर इतक्या वर्षांनी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही, आणि त्याला लागणारे महिने कुणीच आधी मोजत नाही. दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. भाषांतरकाराला सगळ्यांचे पासपोर्ट दाखवा. त्याने स्वतःच्या पद्धतीने आडनावाचं स्पेलिंग केलं आणि ते पासपोर्टशी जुळलं नाही, म्हणजे नवीच अडचण आपण पैसे देऊन विकत घेतली.

व्हिसा नको, फक्त मूळ गाव शोधायचंय, असेही पुष्कळजण असतात. त्यांना अधिकाऱ्याची भीती नाही, तेव्हा मागे हवं तितकं जाता येतं. जनगणनेत माणसांची नावं १८४१ पासून मिळतात. पण त्या वर्षी पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, ३९ चा माणूस ३५ चा दिसतो. नातीही लिहिलेली नाहीत. १८५१ पासून वय, नातं आणि जन्मगाव मिळतं, म्हणून १८५१ ची नोंद आधी गाठा आणि तिच्यातल्या जन्मगावाच्या चर्चकडे जा.

इंग्लंड-वेल्समधली नागरी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, आणि १८७५ पर्यंत काही जन्म नोंदणीतून निसटले. त्याआधीचा आधार म्हणजे पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची नोंदवही, १५३८ पासूनची. आपल्या कोतवाल बुकासारखीच ती गावाची वही. १८१३ पासून बाप्तिस्म्याची छापील पानं आली. एका ओळीत तारीख, मुलाचं नाव, आईवडिलांची नावं, आडनाव, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा आणि विधी करणाऱ्याचं नाव. जन्मतारखेचा रकानाच नाही. एकाच रविवारी तीन भावंडांचा बाप्तिस्मा झालेला दिसला तर ती तिळी आहेत असं समजू नका, आईला चर्चला न्यायला सवड त्या दिवशी मिळाली असेल.

१७५२ च्या आधी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू होई. फेब्रुवारी १७१० असं लिहिलेलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १७११. नाहीतर लग्नाच्या आधीच मूल जन्मल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. सोळाव्या-सतराव्या शतकातलं अक्षर आज इंग्रजी सफाईने वाचणाऱ्यालाही लागत नाही, मोडी शिकतो तसं शिकावं लागतं. वही फाटली किंवा हरवली असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेल्या नकला पाहा. मूळ वह्या आता बहुतेक काउंटी रेकॉर्ड ऑफिसांत आहेत, फॅमिलीसर्च आणि फ्रीरेग या संकेतस्थळांवर पुष्कळ नोंदी फुकट बघता येतात.

पणजोबा गोऱ्या पलटणीतले असतील तर त्यांचं इंग्लंडमधलं गाव लष्करी भरतीच्या कागदावर शोधा, तिथे जन्माची पॅरिश लिहिलेली असते. १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानातल्या पलटणीही मोजल्या आहेत. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला लंडनला जात, त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत आणि फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर दिसतात. आजोबांचा बाप्तिस्मा त्या मालिकेत सापडला तर आनंद माना, पण तोच कागद बहुधा सांगत असतो की जन्म इकडचा आहे. व्हिसाच्या अर्जात तो तुमच्या विरुद्ध जातो.

क्रम असा ठेवा: पहिल्या दिवशी इंग्लंडचा पूर्ण दाखला मागवा, त्याच आठवड्यात वडिलांची इथली नोंद तपासायला महापालिकेत जा, कारण वेळ तिथेच जातो. नावं जुळली की भाषांतरं. भारतातून जाणाऱ्यांना क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला लागतो. त्याची मुदत सहा महिन्यांची असते, म्हणून ती तपासणी सगळे कागद हातात आल्यावरच करा.