कृष्णेच्या पाण्यातली प्रतिजैविक-रोधी जनुकं : तपासणीची पार्श्वभूमी

शेरीनाल्यातून कृष्णेत जाणारं मैलापाणी हा सांगलीचा जुना प्रश्न. त्यावरची चर्चा बहुतेक वेळा बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) आणि कोलिफॉर्म या मैल्यातल्या जिवाणूंच्या आकड्यांपाशी थांबते. पाण्यात मैला मिसळलाय हे कोलिफॉर्मवरून कळतं. त्या मैल्यातले जिवाणू कोणत्या प्रतिजैविकांना (अँटिबायोटिक्सना) दाद देत नाहीत, ते कळत नाही. ते कळण्याची साधनं गेल्या चाळीसेक वर्षांत तयार झाली.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या जिवाणूंपैकी फारच थोडे प्रयोगशाळेत पोषक द्रव्याच्या प्लेटवर वाढतात, ही तफावत स्टेली आणि कोनोप्का यांनी १९८५ मध्ये ठळकपणे मांडली. जिवाणूंची ओळख १६-एस आरआरएनए या सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या रेणूवरून पटवण्याची वाट कार्ल वोझ यांनी १९७७ पर्यंत घालून दिली होती. पण १६-एसवरून कोण आहे एवढंच समजतं, रोधाची, म्हणजे प्रतिजैविकाला दाद न देण्याची, जनुकं त्यात दिसत नाहीत. त्यासाठी नमुन्यातला सगळाच डीएनए वाचावा लागतो. जो हँडल्समन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याला मेटाजिनोम हे नाव दिलं. २००४ मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या गटाने सारगासो समुद्राच्या पाण्यातून १२ लाखांहून अधिक नवी जनुकं काढली. पुढे ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीतही रोधाची जनुकं सापडली (२०११). म्हणजे जनुक सापडणं हाच काही प्रदूषणाचा पुरावा नव्हे. प्रमाण किती, हा खरा प्रश्न.

भारतात हा विषय औषध कारखान्यांमुळे पुढे आला. हैदराबादजवळ पाटनचेरूच्या सांडपाणी प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक आढळलं (२००७). २०११ मध्ये दिल्लीत नळाच्या ५० पैकी २ आणि झिरपून साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत एनडीएम-१ हे कार्बापेनेमसारख्या राखीव प्रतिजैविकांना निकामी करणारं जनुक मिळालं. ती तपासणी पीसीआर (ठरावीक जनुकाच्या प्रती वाढवून ते शोधणं) आणि कल्चरने (जिवाणू वाढवून) झाली होती. २०१९ मध्ये ६० देशांचं सांडपाणी मेटाजिनोमिक पद्धतीने वाचलं गेलं. रोधाच्या जनुकांचं प्रमाण त्या त्या देशाच्या स्वच्छता आणि आरोग्यस्थितीशी जुळलं. त्याच वर्षी आणखी एका अभ्यासाने दाखवलं की बऱ्याच ठिकाणचं हे प्रमाण मैल्याच्या प्रमाणावरूनच उलगडतं. त्यासाठी माणसाच्या आतड्यातला क्रॅसफेज हा विषाणू खूण म्हणून वापरला होता. शेरीनाल्यासाठी आम्हाला हाच निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो: क्रॅसफेज मोजल्याशिवाय रोधाचा आकडा मांडला, तर दोष दवाखान्याच्या पाण्याचा की नुसत्या मैल्याचा, हे ठरवता येणार नाही.

नमुने निदान तीन जागी हवेत: नाला मिळण्याच्या वर, खुद्द नाल्यात, आणि खाली पाणी नीट मिसळल्यावर, पण हरिपूरला वारणा मिळण्याआधी. वारणेचं पाणी आलं की सगळं पातळ होतं. आटपाडीत डाळिंबाच्या तेल्या रोगावर फवारलेलं स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक या हिशेबात धरू नये. तो भाग माणगंगेच्या खोऱ्यातला, तिथलं पाणी सांगलीला येत नाही. विट्याकडचं पाणी मात्र येरळेतून कृष्णेत येतं.

एक लिटर पाणी निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, शक्यतो त्याच दिवशी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याने फिल्टर लगेच तुंबतो. मग जेवढं गाळलं गेलं तेवढंच नोंदवायचं. जाड भित्तीचे जिवाणू फोडायला बारीक मण्यांनी घुसळावं लागतं, नाहीतर ते यादीतून गळतात. गाळातलं ह्युमिक आम्ल डीएनएसोबत येतं आणि पुढच्या तपासणीतली विकरं (एन्झाइम) अडवतं. प्रत्येक खेपेला शुद्ध पाण्याचा कोरा नमुनाही चालवायचा, कारण किटमध्येही जिवाणूंचा डीएनए असतो.

जनुकांची मोजणी १६-एसच्या प्रतींशी ताडून द्यावी. नुसते वाचलेले डीएनएचे तुकडे मोजले, तर जास्त वाचलेला नमुना उगाच वाईट दिसतो. एनडीएम-१सारखं विरळ जनुक कमी वाचनात निसटतं, त्यासाठी सोबत क्यूपीसीआर (प्रतींची संख्या मोजणारा पीसीआर) हवा. १५० अक्षरांच्या तुकड्यावरून जनुक कोणत्या जिवाणूत आहे हे बहुधा ठरत नाही; नॅनोपोर यंत्राच्या लांब वाचनात ते प्लाझ्मिडवर (एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यावर) आहे का, ते दिसू शकतं. मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही मोजला जातो, म्हणून थोडं कल्चर सोबत ठेवावंच लागतं.